बहुविध बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली: पाठाचं टाचण कसं बदलावं

पाठ टाचणात आठ बुद्धिमत्तांचे आठ रकाने आखायचे आणि प्रत्येकात काहीतरी भरायचं, ही बहुविध बुद्धिमत्ता वर्गात आणण्याची सर्वांत प्रचलित पद्धत आहे आणि सर्वांत निरुपयोगीही. रकाना रिकामा राहू नये म्हणून गुणाकारावर गाणं बसवलं जातं, प्रकाशसंश्लेषणावर नाच होतो, ‘निसर्गविषयक’ रकान्यासाठी व्याकरणाच्या तासाला झाडाचं पान आणलं जातं. मुलं खूश असतात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पान आठवतं, विशेषण आठवत नाही.

आधी दोन कल्पना वेगळ्या करू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक-गतिसंवेदी, आंतरव्यक्तिक (इतरांना समजून घेण्याची) आणि व्यक्तिअंतर्गत (स्वतःला समजून घेण्याची). निसर्गविषयक ही आठवी बुद्धिमत्ता त्यांनी नव्वदच्या दशकात जोडली. माणसाच्या क्षमता किती प्रकारच्या असू शकतात, याबद्दलची ही मांडणी आहे. कोणत्या मुलाला कोणत्या पद्धतीनं शिकवावं, हे ती सांगत नाही. अध्ययनशैली हे वेगळं प्रकरण. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून, कोणी प्रत्यक्ष करून, अशी ती विभागणी असते. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची १९९२ पासून प्रसिद्ध झालेली ‘व्हार्क’ प्रश्नावली त्यातली सर्वांना माहीत असलेली. दोन्हींची इतकी सरमिसळ होते की बुद्धिमत्ता म्हणजे शैली नव्हे, हे खुद्द गार्डनर यांना २०१३ साली जाहीरपणे लिहावं लागलं.

मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, हा दावा हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाशी ताडून पाहिला. त्यासाठी पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवडीनिवडी खऱ्या असतात. काही मुलांना चित्रं आवडतात, काहींना ऐकायला आवडतं. पण आवडीच्या माध्यमातून शिकवल्यानं समज वाढते, असं दिसत नाही.

मग वर्गासाठी यातून काय उरतं? बरंच उरतं, फक्त ते मुलांची वाटणी करण्यात नाही. माध्यम मुलाकडे बघून निवडायचं नसतं, आशयाकडे बघून निवडायचं असतं. नकाशा सगळ्यांनाच डोळ्यांनी शिकावा लागतो आणि उच्चार सगळ्यांनाच कानांनी. एकाच संकल्पनेकडे जाणाऱ्या दोन-तीन वाटा आखून त्या सगळ्यांवरून सगळ्या मुलांना न्यावं. मुलामुलांत फरक करायचाच असेल तर तो कोणाला आधीपासून काय येतं यावर करावा. खालची सगळी पद्धत याच पायावर उभी आहे.

शैलीच्या प्रश्नावलीऐवजी तीन प्रश्न

शैली शोधणाऱ्या प्रश्नावलीवर जी तासिका खर्च होते, ती वाचवा. नवा घटक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी शेवटची पाच मिनिटं घ्या, प्रत्येक मुलाला पाव कागद द्या आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहा. प्रश्न असे हवेत की चुकीचं उत्तर पाहूनच चूक कुठली ते कळावं. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शिकवायची असेल तर हे प्रश्न चालतात:

१) १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता?
२) एक आडवी पट्टी काढून तिचे ३/४ रंगवा.
३) १/५ + २/५ = ?

पहिल्याचं उत्तर ‘१/४’ आलं, तर मूल अजून पूर्ण संख्यांच्या नियमानं चाललं आहे: चार मोठे म्हणून पाव मोठा. दुसऱ्यात चार भाग लहानमोठे काढले असतील, तर भाग समान असावे लागतात हे मनात बसलेलं नाही. तिसऱ्याचं उत्तर ३/१० असेल, तर छेदही बेरजेत ओढला जातो आहे. चाळीस चिठ्ठ्या वाचून तीन गठ्ठे करायला साधारण दहा मिनिटं लागतात: पहिल्या दोनपैकी एखादा चुकलेली मुलं, फक्त तिसरा चुकलेली, आणि तिन्ही बरोबर आलेली. खाडाखोडही बघावी. खोडलेलं उत्तर बऱ्याचदा ठेवलेल्या उत्तरापेक्षा जास्त सांगून जातं.

हे गठ्ठे एका घटकापुरते असतात. पुढच्या घटकाला नव्या चिठ्ठ्या, नवे गठ्ठे. तेच गट महिनाभर टिकले तर मुलं त्यांना नावं ठेवतात, आणि ‘ढ गट’ हे नाव शोधायला त्यांना एक दिवससुद्धा लागत नाही.

कृतीत संकल्पनेचा सांगाडा आहे का?

कोणतीही कृती टाचणात घेण्याआधी एक प्रश्न विचारा: ही कृती करत असताना मुलाचं डोकं नेमकं कशावर चाललं असेल? ‘छेद समान करा, अंशांची बेरीज करा’ असं गाणं म्हणताना डोकं चालीवर असतं. छेद समान का करायचे, याचा त्या गाण्यात मागमूस नसतो. घटक जसाच्या तसा लक्षात ठेवायचा असेल, उदाहरणार्थ क्रम, नावांची यादी किंवा कविता, तर चाल उपयोगी पडते. समज हवी असेल तिथे ती नुसती सजावट.

उलट, लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) शिकवताना टाळ्या सजावट नसतात, कारण लसाविमध्येच लय आहे. वर्गाचे दोन भाग करा. शिक्षक १ ते २४ मोजतील, सेकंदाला एक या गतीनं. एका भागानं ३ च्या पटीवर टाळी वाजवायची, दुसऱ्यानं ४ च्या. टाळ्या १२ वर आणि २४ वर एकत्र पडतात, ते कानाला आपोआप कळतं. मग गट बदलून ४ आणि ६ घ्या. छेदांचा सरळ गुणाकार करायचा असतो असं ज्यांना वाटतं, ती मुलं २४ ची वाट बघत बसतात आणि टाळ्या १२ वरच एकत्र पडतात. ही अर्ध्या मिनिटाची कृती त्या गैरसमजावर जितक्या जोरात बोट ठेवते, तितकं फळ्यावरचं उदाहरण ठेवू शकत नाही. मोजणी मात्र एकट्या शिक्षकांनी करायची. दोन्ही गट मोठ्यानं मोजायला लागले की सातव्या-आठव्या अंकापर्यंत ताल सुटतो.

म्हणजे सांगीतिक रकाना कधी भरायचा याचं उत्तर आशयात शोधायचं. आठपैकी पाच रकाने रिकामे राहिले तरी चालतं. तपासणीला येणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगावं.

एक पाठ जवळून: १/२ + १/३

साहित्य: दोन मुलांत मिळून एक ए-फोर कागद, मोजपट्टी, कात्री. कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर असते, ती कापून २४ करा. रुंदी २१ सेंटिमीटर, म्हणजे ३ सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या निघतात. चोवीस हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: अर्धा १२ वर, तिसरा भाग ८ वर, चौथा ६ वर, सहावा ४ वर आणि बारावा २ वर येतो, सगळे पूर्ण सेंटिमीटरांत. एक पट्टी पूर्ण ठेवा. पाच पट्ट्यांवर अनुक्रमे २, ३, ४, ६ आणि १२ समान भागांच्या रेघा आखून प्रत्येक भागात १/२, १/३ असं लिहून घ्या. सातवी पट्टी कोरी, ती उत्तराची.

रेघा आखायला बारा-पंधरा मिनिटं जातात, म्हणून हे काम आदल्या दिवशी उरकावं. घड्या घालून भाग करू नका. निम्मा आणि पाव भाग घडीनं नीट होतो, तिसरा भाग हमखास तिरका जातो, आणि तीन-चार मिलिमीटरचा फरकही पुढे रेघा जुळू देत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मोजपट्टीच्या कडेपासून मोजणं. शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते, ते एकदा हातात धरून दाखवा. आणि पट्ट्यांचे तुकडे अजिबात कापू नका. तुकडे हरवतात, पण त्याहून वाईट म्हणजे तुकडा हातात आला की ‘पूर्ण’ नजरेआड होतं आणि तुकडा कशाचा, हा प्रश्नच उरत नाही. वर्तुळाकार तुकडे टाळायचं कारणही साधारण हेच: प्रत्येकाचं वर्तुळ वेगळ्या आकाराचं निघतं आणि तीन समान भाग कोणालाच कापता येत नाहीत.

चाळीस मिनिटांची तासिका अशी वाटता येते: वाटावाटीला २ मिनिटं, कालच्या भागाची आठवण ३, पट्ट्या १२, वहीत चित्र ८, चिन्हांनी गणितं १०, शेवटची चिठ्ठी (आज कोणाला काय समजलं ते पाहायला) ५.

पट्ट्यांच्या बारा मिनिटांत काय व्हावं? आधी अंदाज: १/२ + १/३ एकापेक्षा जास्त की कमी? प्रत्येकानं वहीत लिहायचं, बोलायचं नाही. मग कोऱ्या पट्टीवर डावीकडून अर्ध्याची खूण करायची आणि त्या खुणेपासून पुढे १/३ ची लांबी जोडून दुसरी खूण. आता ही खूण असलेली पट्टी एकेका आखलेल्या पट्टीखाली धरायची आणि शोधायचं: खूण कोणाच्या रेघेशी जुळते? तृतीयांशांच्या पट्टीशी जुळत नाही. पावाच्या पट्टीशीही नाही. सहांशांच्या पाचव्या रेघेशी बरोबर जुळते, आणि बारांशांच्या दहाव्याशी. ‘समान छेद’ म्हणजे अर्धा आणि तिसरा भाग दोन्ही ज्या रेघांवर बसतात ती पट्टी, हे मुलांच्या हाताला इथे कळतं. ५/६ आणि १०/१२ ही एकाच खुणेची दोन नावं आहेत, हे जाताजाता पदरात पडतं.

कोणीतरी २/५ म्हणणारच. लगेच ‘चूक’ म्हणू नका. त्याला २/५ ची लांबी काढायला सांगा: २४ चे पाच भाग, त्यातले दोन, म्हणजे ९.६ सेंटिमीटर. एकटा अर्धाच १२ सेंटिमीटरचा आहे. त्यात भर घालून उत्तर कमी कसं झालं? हा प्रश्न विचारून मागे सरा. शेजारच्यांनी उत्तर पुरवायच्या आत त्या मुलाला स्वतः अडखळू द्यायला हवं.

गठ्ठ्यांचा उपयोग याच वेळी होतो. पहिल्या गठ्ठ्यातली मुलं बेरजेआधी पट्ट्यांवर १/३ आणि १/४, १/४ आणि १/६ यांची तुलना करतील, आणि शिक्षकांनी पहिली सहा-सात मिनिटं त्यांच्यापाशीच बसावं. मधला गठ्ठा वर सांगितलेला क्रम करेल. तिन्ही बरोबर आलेल्यांना तीच गणितं जास्त संख्येनं देऊ नका. ती शिक्षा वाटते. त्यांना उलटा प्रश्न द्या: अंश १ असलेले दोन वेगवेगळे अपूर्णांक शोधा, ज्यांची बेरीज १/२ होते. १/३ + १/६ सापडलं की असेच तीन अपूर्णांक शोधायला सांगा. १/४ + १/६ + १/१२ पर्यंत पोचायला चांगलाच वेळ लागतो.

पट्टीवरून चित्राकडे आणि चित्रावरून चिन्हांकडे जाणं हा या पाठाचा सर्वांत नाजूक भाग आहे. कृती, चित्र, चिन्ह हा क्रम जेरोम ब्रूनर यांनी १९६६ साली मांडला आणि गणित शिकवणाऱ्यांना तो पाठही असतो, पण तीन पायऱ्या तीन वेगवेगळ्या दिवशी घेतल्या की मुलांना ते तीन वेगळे धडे वाटतात. निदान दोन गणितांसाठी तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर हव्यात: बाकावर पट्टी, वहीत हातानं काढलेली सहा घरांची पट्टी, आणि तिच्या शेजारी ३/६ + २/६ = ५/६. मग बोट ठेवून विचारा: हा ३ पट्टीवर कुठे आहे? हा ६ कुठे दिसतो? ज्याला बोट ठेवता येत नाही, त्याच्यासाठी चिन्हं अजून सुटी आहेत.

‘उत्तर २० सेंटिमीटर’ असं म्हणणारी मुलंही निघतात. त्यांना फक्त ‘२० कशापैकी?’ एवढंच विचारा. २०/२४ आलं तर ते बरोबर आहे, आणि तिथून ५/६ पर्यंतचा रस्ता सोपा आहे.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या दप्तरात. साधन फार दिवस हातात राहिलं की मूल अपूर्णांकांचा विचार सोडून सेंटिमीटर मोजत बसतं. साधन सुटायला मदत व्हावी म्हणून १/२ + १/५ द्या. पाचवा भाग ४.८ सेंटिमीटरचा, तो कोणत्याच आखलेल्या पट्टीवर नाही. मुलं थोडी कुरकुरतात, मग कोणीतरी वहीत दहा घरं काढतं.

शरीर वापरताना

विद्युत मंडल शिकवताना मुलांना इलेक्ट्रॉन बनवून पळवण्याची पद्धत आहे: सेलपाशी चिठ्ठी घ्यायची, दिव्यापाशी द्यायची, रिकाम्या हातानं परत यायचं. धमाल येते आणि दोन गैरसमज पक्के होतात. एक, दिव्यात विद्युतधारा ‘संपते’. दोन, पहिला इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत पोचेपर्यंत दिवा थांबून राहतो.

याऐवजी दोरी घ्या. बारा मुलांचं वर्तुळ, सुमारे ८ मीटरची, ६ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी, टोकं जोडून बंद केलेली. गाठ हातात अडकते, म्हणून टोकं एकमेकांवर ठेवून चिकटपट्टीनं घट्ट गुंडाळा. सगळ्यांनी बोटांची सैल कडी करून त्यातून दोरी जाऊ द्यायची. एक मूल सेल: ते एका हातानं दोरी ओढतं, दुसऱ्या हातानं पुढे सोडतं. दोरी सगळीकडे एकदमच हलते. आता समोरच्या मुलाला दिवा करा आणि पकड किंचित घट्ट करायला सांगा. त्याची बोटं गरम होतात, दोरीचा वेग सगळीकडे सारखाच कमी होतो, आणि दिव्याच्या अलीकडे जेवढी दोरी सरकते तेवढीच पलीकडे. तारेतले इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत, तरी दिवा लगेच का लागतो, हे सांगायला याहून सोपी युक्ती नाही. दोरी सावकाश ओढायची. जोरात ओढली तर घट्ट पकडणाऱ्याचा हात भाजल्यासारखा सोलवटतो.

कृती संपली की एक प्रश्न विचाराच: या खेळातली कोणती गोष्ट खऱ्या तारेत तशी नसते? प्रत्येक प्रतिकृती कुठेतरी तुटते, आणि ती कुठे तुटते हे मुलांना सांगता आलं तर ती त्यांना समजली.

कालरेषाही अशीच. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. मैदानात ४६ मीटरची दोरी पसरली तर एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं आणि एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षं. डायनासोर शेवटच्या टोकाआधी ६६ सेंटिमीटरवर संपतात, आजच्या माणसाच्या वाट्याला शेवटचे तीनेक मिलिमीटर येतात. मैदान नसेल तर वर्गात ४.६ मीटरची दोरी चालते, फक्त माणूस तिथे पेन्सिलीच्या रेघेपेक्षाही अरुंद होतो. खुणांच्या जागा आधी मुलांना अंदाजानं दाखवायला लावा. अंदाज आणि खरी खूण यांतलं अंतरच त्यांच्या लक्षात राहतं.

फळा आणि आवाज

चित्र आणि बोलणं एकत्र आलं की त्याचा फायदा जवळजवळ सगळ्यांनाच होतो, ‘पाहून शिकणाऱ्यांना’ आणि ‘ऐकून शिकणाऱ्यांना’ सारखाच. मात्र पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा मोठ्यानं वाचू नये. डोळे एका गतीनं वाचतात, कान दुसऱ्या गतीनं ऐकतात, आणि मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं. पडद्यावर आकृती ठेवा, शब्द तोंडानं बोला. आकृतीतल्या भागांची नावं त्या भागांशेजारीच लिहा. ‘अ, ब, क’ लिहून खाली यादी दिली की मुलाची निम्मी शक्ती वर-खाली बघण्यात जाते. आकृती तयार दाखवण्यापेक्षा फळ्यावर टप्प्याटप्प्यानं काढलेली बरी. शोभेची चित्रं काढून टाका. ज्वालामुखीच्या छेदचित्राशेजारी पळणारा ससा असेल तर मुलांना ससाच लक्षात राहतो.

फरक दाखवायला फक्त लाल-हिरवा खडू वापरू नका. रंगांधळेपणा मुलग्यांत मुलींपेक्षा बराच जास्त असतो आणि पुष्कळदा त्या मुलालाही ते माहीत नसतं. एका भागात रेघा, दुसऱ्यात ठिपके दिले की काम होतं.

बोलणं, गट आणि एकट्याचा वेळ

आंतरव्यक्तिक म्हणजे गटकार्य, एवढाच अर्थ बहुतेक टाचणांत असतो. एकट्यानं विचार करण्याला रकाना असतो, वेळ नसतो. मेरी बड रो यांनी प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती थांबतात ते मोजलं, तर ते साधारण एक सेकंद निघालं. ते तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनातल्या मनात मोजावेच लागतात.

फ्रँक लायमन यांची विचार-जोडी-सांगणं ही पद्धत बहुतेकांना माहीत असते, पण ती फसते ती पहिल्याच पायरीवर. एक मिनिट एकट्यानं, आणि तेही लिहून. लिहिलं नाही तर जोडीतलं चटपटीत मूल बोलतं आणि दुसरं मान डोलावतं. मग दोन मिनिटं जोडीत. नंतर सांगताना ‘तू काय म्हणालास?’ असं न विचारता ‘तुझा जोडीदार काय म्हणाला?’ असं विचारा, म्हणजे ऐकणं भाग पडतं.

गट चौघांचा पुरे. सहा झाले की दोघं प्रेक्षक होतात. गटाचं काम असं हवं की प्रत्येकाकडे एक तुकडा आहे जो दुसऱ्याकडे नाही. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली वर्गात आणलेली ‘जिगसॉ’ पद्धत याच तत्त्वावर चालते. आणि शेवटची चिठ्ठी प्रत्येकानं स्वतंत्र लिहायची. गटाचा एकच तक्ता गोळा केलात तर कोणाला काय समजलं याचा पत्ता लागत नाही.

उत्तर देण्याच्या वेगळ्या वाटा

समजलेलं दाखवायला लेखनाशिवाय आकृती, तोंडी स्पष्टीकरण, प्रतिकृती असे पर्याय जरूर द्यावेत, पण आधी निकष लिहावेत आणि मग माध्यम खुलं करावं. क्रम उलटा झाला तर रंगीत तक्त्याला चांगले गुण मिळतात आणि तक्त्यात संकल्पना शोधावी लागते. वरच्या पाठासाठी तीन निकष पुरेत: दोन्ही अपूर्णांकांचं ‘पूर्ण’ एकच दाखवलं आहे का, समान छेद का लागतो याचं कारण दिलं आहे का, २/५ हे उत्तर का चुकतं ते सांगता आलं का. मूल बोलो, लिहो किंवा चितारो, निकष तेच.

पर्याय दोन किंवा तीनच असावेत. सहा दिले की निवडण्यात तासिका जाते आणि प्रत्येक मूल दर वेळी आपलं नेहमीचंच निवडतं. म्हणून महिन्यातून एकदा माध्यम ठरवून द्यावं: आज सगळे बोलून सांगतील. आणि लेखन हेच उद्दिष्ट असेल, उदाहरणार्थ निबंध, तर लेखनाला पर्याय देऊन चालत नाही. तिथे आधार द्यावा: मुद्द्यांचा आराखडा, पहिलं वाक्य, आधी तोंडी मांडणी.

आवड आणि गरज यांत गल्लत करू नका. ऐकायला कमी येणाऱ्या मुलाला पुढचा बाक आणि लिखित सूचना, वाचनाची अडचण असलेल्या मुलाला प्रश्न वाचून दाखवणं, कमी दिसणाऱ्याला मोठा टाइप, या गोष्टी शैलीच्या वादात येत नाहीत. त्या द्याव्याच लागतात, रोज आणि न मागता.

‘मला ऐकून कळतच नाही’

कुठल्यातरी प्रश्नावलीतून आपली शैली शिकून आलेलं मूल कधीकधी असं म्हणतं आणि तोंडी भाग सुरू झाला की खाली बघून बसतं. वाद घालू नका. त्याच्या हातात पेन्सिल द्या: ऐकताना तीन शब्द आणि एक बाण, एवढंच टिपायचं. दोन-तीन आठवड्यांनी त्याला स्वतःच्याच टिपणावरून धडा सांगायला लावा.

नोंदवहीतही तशी लेबलं नकोत. ‘दृश्य अध्ययनार्थी’ किंवा ‘सांगीतिक बुद्धिमत्ता प्रबळ’ या नोंदीवरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. नोंद अशी असावी: समान छेदांची बेरीज चिन्हांनी येते, भिन्न छेदांसाठी अजून पट्टी काढावी लागते, २/५ ची चूक एका आठवड्यानं पुन्हा झाली. शेवटचा भाग लिहिता यावा म्हणून पाठानंतर दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न आणि आठवड्यानं एक प्रश्न, साधनाशिवाय, तासाच्या सुरुवातीलाच विचारायचे. गुण द्यायचे नाहीत. आठवड्यानंतरच्या चिठ्ठीत वर्गाचा तिसरा हिस्सा चुकला तर नवा घटक एक दिवस पुढे ढकला आणि पट्ट्या पुन्हा दहा मिनिटांसाठी बाहेर काढा.